पाच महिन्यांनी पाच वर्षं पूर्ण होतायत आणि ३१ टक्के वाढीची ऑफर आत्ताच आलीय. काय करावं?

कुंपणावरचा
मंडळी, एरवी वाचनमात्र असतो, पण आज तुमचं डोकं उसनं हवंय.

सध्याच्या कंपनीत ४ वर्षं ७ महिने झाले. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) १४.५ लाख, बेसिक (महिन्याचा मूळ पगार) ५२,०००. काम आवडतं, माणसंही बरी आहेत. पण गेली दोन अप्रेझल 'पुढच्या सायकलला तुझं प्रमोशन नक्की' एवढ्यावरच संपली. आता दुसऱ्या कंपनीची ऑफर आलीय: १९ लाख आणि हुद्दा 'मॅनेजर'. माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, त्यांना मी ६० दिवसांत हवाय. उरलेल्या दिवसांचं बायआउट, म्हणजे नोटीस पूर्ण न केल्याबद्दल जुन्या कंपनीला भरायचे पैसे, आम्ही देतो म्हणतात.

घरून 'सोड' असा कौल आहे. मित्र म्हणतात, पाच वर्षं पूर्ण कर, ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) घे, मग जा. माझा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकलाय. तिकडे जाऊन मी खरंच वर चढणार, की फक्त जागा बदलणार?

खडूस वाचक
ज्याअर्थी विचारतोयस त्याअर्थी जायचं ठरलंय. धागा फक्त अनुमोदनासाठी. घे: +१.

रातराणी
खडूस, प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता का हो?

खडूस वाचक
प्रत्येक धागा तसाच असतो, त्याला मी काय करू.

निवांतकाका
मी एकाच ठिकाणी नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या वेळी नोकरी सोडणारा माणूस म्हणजे काहीतरी लफडं करून आलेला, अशी समजूत होती. ती चूकच होती. पण एक विचारतो. प्रमोशन दोनदा हुकलं म्हणतोस, तर ते का हुकलं हे साहेबाला समोर बसून विचारलंस का? जागाच नव्हती, की तू कमी पडलास, की साहेबाचं वर कोणी ऐकत नाही? तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

आकडेमोड
१९ भागिले १४.५ म्हणजे ३१ टक्के, इतकं सोपं नसतं. ऑफर लेटरमधला पगाराचा तक्ता टाक. व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा, खात्री नसलेला भाग) किती, जॉइनिंग बोनस सीटीसीत धरलाय का, विम्याचा हप्ता धरलाय का?

कुंपणावरचा
@आकडेमोड, व्हेरिएबल २.५ लाख. जॉइनिंग बोनस १ लाख, हो, सीटीसीतच धरलाय. बेसिक ६५,०००. विम्याचे १९,००० दाखवलेत. पीएफ आणि ग्रॅच्युइटीही आतच आहे. सध्याच्या कंपनीत व्हेरिएबल १ लाख आहे, विमा सीटीसीच्या बाहेर.

@निवांतकाका, विचारलं होतं. 'बजेट नव्हतं' असं उत्तर मिळालं. त्याच सायकलला बाहेरून एकाला त्याच हुद्द्यावर घेतलं.

निवांतकाका
मग मी माझा प्रश्न मागे घेतो.

आकडेमोड
हं, आता बघ.

चालू नोकरी: १४.५ लाखांतून व्हेरिएबल १ लाख काढ. कंपनीचा पीएफ, म्हणजे बेसिकच्या १२ टक्क्यांनी वर्षाला ७४,८८०, तोही काढ. ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ३०,०००. उरले साधारण १२.४५ लाख, म्हणजे महिन्याला १ लाख ३ हजार सातशेच्या आसपास. तुझा स्वतःचा पीएफ आणि कर यातूनच जाणार.

नवी नोकरी: १९ लाखांतून २.५ व्हेरिएबल गेले, १ लाख एकदाच मिळणार म्हणून तेही बाजूला. राहिले १५.५. त्यातून पीएफ ९३,६००, ग्रॅच्युइटी ३७,५००, विमा १९,०००. उरले १४ लाख. महिन्याला १ लाख १६ हजार सहाशे.

दर महिन्याला खात्रीने जास्त येणार ते १२,९००. साडेबारा टक्केसुद्धा पुरते होत नाहीत. बाकीची वाढ व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर. ते मागच्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के दिलं, हे एचआरला विचार. आकडा न सांगता 'कामगिरीवर अवलंबून' असं उत्तर आलं, तर समजून जा.

कुंपणावरचा
बाप रे. मी ३१ टक्क्यांवर घराचा हप्तासुद्धा मोजून ठेवला होता.

पेरोलवाली
आकडेमोड यांचा हिशोब बरोबर आहे. रोज हेच काम करते म्हणून थोडी भर घालते.

ग्रॅच्युइटी सीटीसीत दाखवतात ती सहसा बेसिकच्या ४.८१ टक्के असते. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. त्याला १२ने भागलं की ४.८१ येतात. गंमत अशी की पाच वर्षांच्या आत माणूस नोकरी सोडून गेला तर ही रक्कम त्याला मिळतच नाही. पण ती 'पगार' म्हणून दरवर्षी त्याच्या सीटीसीत मिरवते.

धागाकर्त्याला पाच वर्षं पूर्ण झाल्यावर किती मिळतील? ५२,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे ३०,०००. गुणिले ५. दीड लाख. २१ नोव्हेंबर २०२५पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि त्यांत 'वेतना'ची व्याख्या बदललीय: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. त्यामुळे बेसिक कमी ठेवणाऱ्या कंपन्यांत हा आकडा वाढू शकतो. तुमच्याकडे काय धरतात ते पेरोललाच विचारा.

बाकावरचा
पण ४ वर्षं ६ महिने झाले की पाच धरतात ना? माझ्या मित्राला तसंच सांगितलं होतं.

पेरोलवाली
नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की रोज एक तरी मेल येतो. सहा महिन्यांच्या वरचं पूर्ण वर्ष धरायचं, हा नियम *किती रक्कम* द्यायची त्यासाठी आहे. म्हणजे ७ वर्षं ८ महिने झाले तर ८ वर्षांचे पैसे. *पात्र* व्हायला पाच वर्षांची अखंड सेवाच लागते. मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ही अट नाही. मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना नव्या संहितेत एका वर्षानंतरच मिळते, पण धागाकर्ता कायम दिसतोय.

वकील_नव्हे_पण
थोडं पुढे. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यात 'अखंड सेवे'ची व्याख्या होती (नव्या संहितेतही तशीच आहे): वर्षात २४० दिवस काम झालं तर ते वर्ष पूर्ण धरायचं. आठवड्यात सहापेक्षा कमी दिवस चालणाऱ्या आस्थापनेत १९० दिवस. यावरून मद्रास उच्च न्यायालयाने ४ वर्षं आणि पाचव्या वर्षातले २४० दिवस भरले की पात्रता येते, असा निकाल दिलेला आहे. बऱ्याच कंपन्या तो मानतात, बऱ्याच मानत नाहीत आणि 'जा कोर्टात' म्हणतात. तुझे जाताना ४ वर्षं ९ महिने होतील, म्हणजे दिवस भरतात. पण दीड लाखासाठी भांडत बसायची तयारी आहे का? राजीनामा देण्यापूर्वी कंपनीचं धोरण लेखी मागव.

खडूस वाचक
राजीनाम्याआधी 'मी ४ वर्षं ९ महिन्यांनी गेलो तर ग्रॅच्युइटी मिळेल का' असं लेखी विचारायचं. म्हणजे राजीनामा वेगळा द्यायलाच नको.

रातराणी
हाहाहा. पण मुद्दा बरोबर आहे. धोरणाची पुस्तिका इंट्रानेटवर असते, ती गुपचूप वाचावी.

टीमलीड_२
पैशांवर भरपूर झालं. धागाकर्त्याचा मूळ प्रश्न 'वर चढणार का' असा होता, तो सगळे विसरले.

'मॅनेजर' हा हुद्दा कंपनीगणिक वेगळा. एका ठिकाणी मॅनेजरच्या हाताखाली पंधरा माणसं, दुसऱ्या ठिकाणी पंधरा मॅनेजर आणि हाताखाली एक इंटर्न. तेव्हा हे विचार: माझ्या हाताखाली किती जण? त्यांचं अप्रेझल मी करणार का? नवा माणूस घ्यायचा तर सही कोणाची?

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे या जागेवर आधी कोण होतं आणि तो आता कुठे आहे. मी एकदा शेवटच्या फेरीत हे विचारलं. समोर दोघे होते. एक म्हणाला, "पद नवीन तयार केलंय." त्याच क्षणी दुसरा म्हणाला, "तो आता दुसऱ्या टीममध्ये आहे." मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पहिल्याने लॅपटॉपवर काहीतरी फार महत्त्वाचं शोधायला घेतलं. मी ती ऑफर घेतली नाही. नंतर कळलं, त्या खुर्चीवर वर्षभरात बरेच जण बसून गेले होते.

बाकावरचा
हे वाचून पुढच्या मुलाखतीत विचारणारच. मुलाखतीचं बोलावणं आलं तर.

एचआर_मावशी
टीमलीड यांना अनुमोदन. टेबलाच्या पलीकडची एक गोष्ट सांगते.

प्रत्येक हुद्द्याला पगाराचा एक बँड असतो, खालचं टोक आणि वरचं टोक. बाहेरून येणारा माणूस घासाघीस करून बँडच्या वरच्या टोकाला पोचला की त्याला विजय वाटतो. पण पुढच्या वर्षी अप्रेझलला कितीही चांगलं रेटिंग आलं तरी त्याला तुटपुंजी वाढ मिळते, कारण वर जागाच उरलेली नसते. मग दोन वर्षांनी तोच माणूस पुन्हा 'वाढ नाही' म्हणून नोकरी शोधतो. तेव्हा एचआरला सरळ विचारा, 'या बँडमध्ये मी कुठे बसतो?' आकडा सांगणार नाहीत, पण 'मधोमध', 'वरच्या बाजूला' इतकं सांगतात. बँडच्या खालच्या भागात थोड्या कमी पैशांत जाणं कधीकधी जास्त फायद्याचं पडतं.

काउंटर ऑफरबद्दल कोणीच बोललं नाही. राजीनामा दिला की सध्याचा साहेब 'थांब, बघतो' म्हणेल. त्याने खरंच प्रमोशन दिलं तर ते पत्रात हवं, तारखेसह. तोंडी असेल तर ते मागच्या दोन सायकलसारखंच.

फाटक्या_तोंडाचा
काउंटर ऑफर घेऊन थांबणारा माणूस कंपनीच्या यादीत 'हा जाणारच आहे' या रकान्यात जातो. पहिली कपात आली की त्याचं नाव वर. घेऊच नये.

एचआर_मावशी
@फाटक्या_तोंडाचा, असं सरसकट नसतं. मी थांबलेली आणि पुढे विभागप्रमुख झालेली माणसं पाहिलीत. ज्या कारणासाठी जात होतात ते कारण दूर झालं का, एवढंच बघायचं. साहेबाशी पटत नाही म्हणून जाणारा पैसे घेऊन थांबला, तर तो वर्षभरात जातोच.

सरकारी_जावई
आम्ही तुमचे धागे पॉपकॉर्न घेऊन वाचतो. आम्हाला वाढ मागावी लागत नाही, फक्त वेतन आयोगाची वाट पाहावी लागते. ती पाहता पाहता केस पिकतात.

खडूस वाचक
आणि तेवढ्यात आमच्या चार नोकऱ्या होतात. केस आमचेही पिकतातच.

रातराणी
एक वेगळा मुद्दा, विशेषतः मैत्रिणींसाठी. बाळाचा विचार असेल तर नोकरी बदलण्याची तारीख नीट बघा. २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळायला प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत *त्या* कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. माझ्या एका सहकारीणीने रुजू झाल्यावर हा हिशोब केला आणि थोडक्यात वाचली. नवी कंपनी यातलं काही आपणहून सांगत नाही.

विमावाला_मित्र
मीही असाच कोपऱ्यातला मुद्दा आणतो. धागाकर्त्या, आईवडील सध्याच्या कंपनीच्या ग्रुप विम्यात आहेत का? शेवटच्या दिवशी ते कव्हर संपतं. नव्या कंपनीत आईवडील आहेत का, ते विचारलंस?

कुंपणावरचा
विचारलं नव्हतं, आज विचारलं. नाहीत. फक्त मी, बायको, मूल. वडिलांना मधुमेह आहे, सध्या ते कव्हरमध्ये आहेत.

विमावाला_मित्र
मग घाई करू नकोस. ग्रुप विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि आत्तापर्यंतचा काळ प्रतीक्षा कालावधीत मोजला जातो. पण त्यासाठी अर्ज वेळेत, म्हणजे कव्हर संपायच्या पुरेसं आधी करावा लागतो. हे जमलं नाही आणि नवी पॉलिसी कोरी घेतली, तर आधीपासूनच्या आजाराला कमाल ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पूर्वी ही मर्यादा ४ वर्षं होती, २०२४मध्ये कमी झाली. वडिलांच्या पॉलिसीचा हप्ता त्या १२,९००च्या फरकातून वजा करून बघ.

आकडेमोड
वजा केला की फरक आणखी बारीक होणार. मी आता गप्प बसतो, नाहीतर माणूस नोकरी सोडायच्या ऐवजी धागा सोडेल.

बाकावरचा
नोकरी बदलताना पीएफ काढून मस्त फिरून यायचं. माझं तरी ठरलंय.

पेरोलवाली
@बाकावरचा, थांबा! यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) एकच राहतो, नव्या कंपनीत तोच द्या आणि जुनी शिल्लक ट्रान्सफर करा. पाच वर्षांच्या सलग सेवेआधी काढलात तर ती करपात्र होते. ट्रान्सफर केलीत तर आधीच्या कंपनीचा काळही त्या पाच वर्षांत धरतात. शिवाय पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते. मध्येच पेन्शनचा भाग काढलात की तो काळ गेला.

आणि वर्षाच्या मध्यात नोकरी बदलणाऱ्या सर्वांनी आधीच्या पगाराचा तपशील नव्या कंपनीच्या पेरोलला द्यावा. नाही दिला तर दोन्ही कंपन्या करातल्या सवलती आपापल्या परीने पूर्ण धरतात, टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) कमी कापला जातो, आणि रिटर्न भरताना व्याजासकट भुर्दंड. मग शिव्या पेरोलला.

बाकावरचा
फिरायला जाणं रद्द. धन्यवाद, ताई.

फाटक्या_तोंडाचा
नियम राहू द्या. सगळे आकडे बरोबर आले आणि साहेब भंगार निघाला तर? तिकडच्या टीममधल्या एखाद्याशी बोललास का? रात्री मेलला उत्तर दिलं नाही तर काय होतं, एवढंच विचार.

कुंपणावरचा
बोललो. म्हणाला, "काही होत नाही, फक्त सकाळी फोन येतो." हसून म्हणाला, पण हसला जरा उशिरा.

जुन्या करारात आणखी एक कलम आहे, की वर्षभर स्पर्धक कंपनीत जाता येणार नाही. ही नवी कंपनी स्पर्धक म्हणता येईल अशीच आहे. त्याचं काय?

वकील_नव्हे_पण
१८७२च्या करार कायद्याचं कलम २७: व्यवसाय करण्यावर बंधन घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. नोकरी सोडल्यानंतर लागू होणारी अशी कलमं आपली न्यायालयं सहसा मानत नाहीत. कंपनीची गुपितं, ग्राहकांच्या याद्या बरोबर नेणं ही वेगळी भानगड, ते करू नको. एकही फाइल स्वतःला मेल करू नको. 'माझंच काम आहे' म्हणून लोक पाठवतात आणि अडकतात.

बाँडचं मात्र तसं नाही. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या बाबतीत, तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली. म्हणून *नव्या* पत्रातली कलमं वाच, विशेषतः 'किती महिन्यांच्या आत सोडलं तर काय परत द्यायचं' ती.

टीमलीड_२
बायआउटबद्दलही. नवी कंपनी ते पैसे परत देते तेव्हा सहसा पगारात धरून त्यावर कर कापते. म्हणजे जुनी कंपनी पूर्ण रक्कम कापणार आणि तुला कर जाऊन उरलेली मिळणार. फरक तुझ्या खिशातून.

खडूस वाचक
वर जुनी कंपनी नोटीसच्या वसुलीवर जीएसटी लावायला बघते. लावू देऊ नका. ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकात नोटीस पे वसुलीवर जीएसटी नाही, असं स्पष्ट झालंय. (होय, मलाही कधीकधी काहीतरी माहीत असतं.)

रातराणी
वाचनखूण साठवली. खडूस उपयोगी पडले, तो दिवस लक्षात राहावा म्हणून.

कुंपणावरचा
अपडेट देतो.

साहेबाशी बोललो. ऑफर आहे हे सांगितलं नाही, प्रमोशनचं विचारलं. "पुढच्या सायकलला नक्की." म्हटलं, मेल कराल का? म्हणाले, "असं मेलवर नाही देता येत." तो प्रश्न मिटला.

धोरणाची पुस्तिका वाचली. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं पूर्ण, २४० दिवसांचा उल्लेख नाही. मग नव्या कंपनीशी बोललो: एकतर पाच वर्षं होईपर्यंत थांबा, नाहीतर ही रक्कम भरून द्या. थांबायला नाही म्हणाले. जॉइनिंग बोनस १ लाखाचा २ लाख केला. व्हेरिएबलमधले १ लाख फिक्समध्ये टाकले. मी हे मागितलंही नसतं, आकडेमोड यांच्या हिशोबाने डोळे उघडले. टीम विचारली: सहा जण, अप्रेझल मी करणार. आधीचा माणूस त्याच कंपनीत वरच्या पदावर गेलाय, त्याच्याशी माझं बोलणंही करून दिलं. बँडमध्ये 'मध्याच्या जरा खाली'.

वडिलांच्या पॉलिसीचा अर्ज आधी करतोय, तो मंजूर झाल्यावरच राजीनामा. सकाळच्या फोनचं काय करायचं ते तिकडे गेल्यावर बघू.

निवांतकाका
चांगलं केलंस. मी तुझ्या जागी असतो तर थांबलो असतो, पण मी तुझ्या जागी नाही.

फाटक्या_तोंडाचा
सकाळचा फोन 'बघू' म्हणण्यासारखा नाही. लिहून ठेवा, सहा महिन्यांत याच आयडीने नवा धागा येणार.

पेरोलवाली
अभिनंदन! सही करण्याआधी एकच बघा. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत, असं कलम असेलच. तो परत द्यायचा म्हणजे किती? तुमच्या हातात टीडीएस कापून रक्कम येणार, आणि बऱ्याच पत्रांत परतफेड मात्र पूर्ण २ लाखांची लिहिलेली असते. शिवाय कंपनीने काढलं तर परत द्यायचा का, तेही त्यात नीट लिहिलेलं नसतं.

कुंपणावरचा
पाहिलं. पूर्ण २ लाखच लिहिलंय, आणि 'कोणत्याही कारणाने सेवा संपल्यास'. 'कर्मचाऱ्याने स्वतः राजीनामा दिल्यास' असा बदल करून मागितलाय. एचआर म्हणाल्या, लीगलला विचारून सोमवारी सांगते.